रुक्मिणीअक्कांचं बोट

पहिल्या भेटीत रुक्मिणीअक्कांनी मला दारातच थांबवलं. बोलून नाही, बोट वर करून. वेस्ट मांबलमच्या त्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि पाण्याची मोटर किती वाजता लावतात एवढंच विचारायला मी समोरच्या घरी गेलो होतो. दार उघडं होतं. आत रेडिओवर एक जुनं तमिळ गाणं चालू होतं, आणि सत्तरीच्या पुढची एक सडपातळ बाई खुर्चीत डोळे मिटून बसली होती. डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती, उजव्या हाताचं एक बोट वर. मी उभा राहिलो. गाणं चढत गेलं आणि एका जागी सगळी वाद्यं एकदम थांबली. बाई हळूच म्हणाल्या, "आतां." बोट खाली आलं, आणि रेडिओतून ठोका आला. टिंग. एकच. मग गायिकेने पुन्हा ध्रुवपद धरलं.

अक्कांनी डोळे उघडले. "हे आमचे राव," त्या म्हणाल्या. "या, बसा."

मी खोलीत राव कुठे आहेत ते पाहू लागलो. भिंतीवर चंदनाच्या हारातला एक फोटो होता. दुसरं कोणी नव्हतं.

मला संगीतातलं काही कळत नाही. मी श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात उत्पादनखर्चाचे हिशेब पाहतो. आकडा जुळला नाही तर मला जेवण गोड लागत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी ते गाणं लागलं तेव्हा मीही मनात मात्रा मोजत बसलो. दोनदा चुकलो. अक्का एकदाही चुकल्या नाहीत. माझी फजिती त्यांच्या लक्षात आली. "कुलकर्णी, तुम्ही मोजतां तें पायरीसारखें," त्या म्हणाल्या. "पायरी चढून झाली की विसरायची नाहीं. आमचे राव म्हणत, मागची मात्रा पुढचीच्या पोटांत असते."

त्यांचं मराठी असं होतं. घराणं तंजावरचं, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात गेलेल्या, तरी घरात मराठी टिकलेली. बोलण्याचा हेल पूर्ण तमिळ. सुरुवातीला माझ्या बायकोला, सुनीताला, अर्धंच कळायचं. ती चुकून हसली की अक्का म्हणायच्या, "हस हो. तुमचें मराठी पेपरांतलें, आमचें स्वैंपाकघरांतलें. उपाशी कोण राहील तें पाहूं." मग वाटीभर डांगर पचडी आमच्या घरी यायची.

त्यांचे यजमान, म्हणजे हे राव, सिनेमाच्या वाद्यवृंदात होते. व्हायोलिन, बासरी असलं मानाचं वाद्य नाही. त्यांच्या धंद्यात ज्याला साइड रिदम म्हणतात ते. खंजिरी, झांज, घुंगरू, आणि दोरीला टांगलेला पोलादी त्रिकोण. ज्या संगीतकारांकडे ते आयुष्यभर वाजवत होते त्यांना अक्का नुसतं 'माष्टर' म्हणत. त्या काळी सगळे वादक एका खोलीत बसून एकदम वाजवत. एक जण चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. त्या गाण्यात रावांना पूर्ण कडवंभर काही काम नव्हतं. शेवटी सगळे थांबले की त्या शांततेत त्रिकोणावर एक ठोका द्यायचा, आणि त्या ठोक्यावर गायिकेने श्वास घ्यायचा. एवढंच. राव डोळे मिटून मोजत. "वाजवणें सोपें," अक्का सांगायच्या. "न वाजवतां बसणें कठीण. सुम्मा, नुसतें, बसून दाखवा पाहूं!"

रावांचं नाव कुठेच नव्हतं. तबकडीवर नाही, पडद्यावर नाही. मूलबाळही नव्हतं. अक्का तक्रारीच्या सुरात बोलत नसत. फक्त गाणं लागलं की बोट वर जायचं आणि पाहुणा असेल तर त्याला सांगितलं जायचं: हे आमचे राव.

मग माष्टरांच्या आयुष्यावर सिनेमा निघाला. मोठा नट, मोठा खर्च, सगळ्या गावात चर्चा. जुन्या वादकांची माहिती गोळा करत त्या कंपनीची दोन मुलं एके दिवशी अक्कांकडे आली. अक्कांनी मला बोलावून घेतलं. कॉफी, म्हणजे तिथली 'कापी', झाली, चकलीसारखे मुरुक्कू झाले, आणि अक्कांनी गोष्ट सांगितली. सांगितली कसली, करून दाखवली. राव डोळे मिटून, मान छातीवर टाकून बसलेले. नवीन आलेला सहायक घाबरलेला: "अय्यो, राव निजले! उठवा त्यांना!" माष्टर ओठांवर बोट ठेवून: "हात लावूं नका." सगळ्यांचे श्वास अडकलेले. आणि नेमक्या जागी, डोळे मिटलेलेच, हात उठतो. टिंग!

मुलं पोट धरून हसली. अक्काही हसल्या. "खोटेंच घोरत बरें का कधींकधीं," त्या म्हणाल्या. "नव्या पोराची गंमत करायला."

निघताना मुलांनी विचारलं, ही गोष्ट सिनेमात घेतली तर चालेल का. अक्का म्हणाल्या, "घ्या. एकच सांगणें. नांव खरें घाला. बदलायचें नाहीं." मुलं म्हणाली, हो मामी, नक्की, नाव काय? अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं. "कुलकर्णी, तुम्ही सांगा."

मी सांगितलं, "सेतुराव."

मुलांनी शब्द पाळला, हे मला नोंदवलं पाहिजे.

पहिल्या दिवशीच्या खेळाला अक्का, सुनीता आणि मी गेलो. अक्कांनी ठेवणीतली कांजीवरम नेसली होती. बाहेर नटाच्या उंच कटआउटला हार घातलेले, ढोल वाजत होते. आत प्रत्येक जुन्या गाण्याचे पहिले सूर आले की शिट्ट्या, कागदाचे तुकडे, मोबाइलचे दिवे. म्हातारी माणसं गाणी म्हणत होती, डोळे पुसत होती. माझ्या पुढच्या रांगेतला एक माणूस तर उभा राहून पडद्याला हात जोडत होता. लोकांचं त्या माष्टरांवर खरं प्रेम होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

मग ते गाणं आलं. रेकॉर्डिंगची खोली. कोपऱ्यात एक जाडा, तोंड उघडं टाकून घोरणारा माणूस. सहायक धावत येतो आणि ओरडतो, "सेतुराव!" अक्कांनी सुनीताचं मनगट घट्ट धरलं. सहायक पुन्हा ओरडतो, "सेतु, एळुंदिरि!" म्हणजे, सेतु, ऊठ! आणि बासरीने त्याला ढोसतो. जाडा माणूस दचकतो, खुर्चीसकट कोसळतो, त्रिकोण जमिनीवर गडगडत जातो. माष्टर झालेला नट कपाळाला हात लावतो, मग हसतो, मग त्याला उचलून मिठी मारतो.

थिएटर कोसळेल असं वाटलं. एवढा हशा सबंध सिनेमात दुसरीकडे कुठे झाला नाही. आमच्या शेजारच्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हसत हसत पॉपकॉर्नचा पुडा अक्कांपुढे धरला. अक्कांनी एक दाणा घेतला.

आम्ही रिक्षात बसलो. मग अक्का म्हणाल्या, "ठोका ऐकूं आला कां तुम्हांला?"

"नाही अक्का. लोक हसत होते."

"होय. लोक हसत होते."

दुसऱ्या दिवसापासून घरी रीघ लागली. तळमजल्यावरच्या लक्ष्मी आल्या. "मामी, तुमचे मामा सूपर! हिरोपेक्षा मामाच आवडले! हसून हसून पोट दुखलं!" अक्कांनी त्यांना कापी दिली. कॉलेजची दोन मुलं फोटो काढायला आली. त्यांनी फार गोड शब्दांत विनंती केली: मामी, मोबाइलसमोर एकदाच म्हणा ना, 'सेतु, एळुंदिरि!' तुम्ही म्हटलं तर सगळीकडे पसरेल.

"मला तें नांव घेतां येत नाहीं, कण्णा, बाळा," अक्का म्हणाल्या.

मुलांना वाटलं, मामी लाजल्या. ती आणखी खूश झाली.

ते वाक्य गावभर झालं. आमच्या कंपनीच्या बसमध्ये पहिल्या पाळीची माणसं पेंगतात. आता कोणाची मान पडली की मागून आरोळी यायची, "सेतु, एळुंदिरि!" आणि सगळी बस हसायची. जो जागा व्हायचा तोही हसायचा. मी खिडकीबाहेर बघत बसायचो. कोणावर रागवायचं? त्यांनी काही वाईट केलं नव्हतं. त्यांना एक माणूस आवडला होता. फक्त तो सेतुराव नव्हता.

सुनीताने अक्कांना सांगून पाहिलं, सिनेमावाल्यांना फोन करू, जाब विचारू. अक्कांनी मान हलवली. "गोष्ट मीच दिली. घोरणें मीच सांगितलें. नांव घाला, मीच म्हटलें." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण गाणें तर तेंच आहे ना? चित्र कोणाचेंही असूं दे. आवाज त्यांचाच असेल. हशाखालीं असेल."

या आशेवर त्या पुन्हा सिनेमाला गेल्या. आणि पुन्हा. कधी सुनीताबरोबर, कधी एकट्या. प्रत्येक वेळी हशा नेमका त्याच जागी यायचा. तोही जणू मोजून. परत आल्या की मी जिन्यात विचारायचो, "काय अक्का?" त्या म्हणायच्या, "आजचे लोकही चांगले होते. फार हसले." त्यांना एकच हवं होतं: एखादा खेळ असा, जिथे त्या जागी कोणी हसणार नाही.

सिनेमा उतरायला आला तेव्हा मी रजा घेतली आणि कामाच्या दिवशी सकाळच्या खेळाची तिकिटं काढली. आम्ही दोघं होतो, आणि अगदी मागे गार हवेत झोपायला आलेला एक माणूस. अक्कांनी या वेळी साधीच सुती साडी नेसली होती. गाणं सुरू झालं तशा त्या ताठ बसल्या. डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलू लागली. उजवं बोट वर गेलं. मीही मोजत होतो. इतक्या दिवसांत मलाही जमू लागलं होतं.

"सेतु, एळुंदिरि!" रिकाम्या थिएटरात तो आवाज विचित्र घुमला. खुर्ची कोसळली. कोणी हसलं नाही. सगळी वाद्यं थांबली.

"आतां," अक्का म्हणाल्या.

पोलाद फरशीवर घरंगळल्याचा खडखडाट आला. भांडं पडावं तसा. आणि लगेच गायिका सुरू झाली.

ठोका नव्हता. हशाखाली काहीच नव्हतं. गाणं सगळं नव्याने वाजवून घेतलं होतं. सिनेमा संपल्यावर शेवटच्या पाट्यांमध्ये तसं लिहिलेलंही दिसलं. आधी मी कधी तिथपर्यंत थांबलो नव्हतो. आजच्या वादकांची नावं एकाखाली एक सरकत होती. साइड रिदम वाजवणाऱ्याचंही नाव होतं. ते पाहून मला बरं वाटायला हवं होतं.

पण ते नंतर. ठोक्याची जागा गेली तेव्हा अक्कांचं बोट अजून वरच होतं. मी हळूच त्यांचा हात खाली घेतला. 

"कुलकर्णी," त्या म्हणाल्या, "नांव घेतलें त्यांनी. आमच्या रावांना नाहीं घेतलें."

बाहेर ऊन रणरणत होतं. मी कापी घेऊ या म्हटलं, त्या नको म्हणाल्या. त्यांनी कापीला नको म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतरही रेडिओवर ते गाणं लागायचं. सिनेमामुळे जास्तच लागायचं. खरं, जुनं गाणं. अक्का ऐकायच्या, पण बोट वर जात नसे. एकदा मी त्यांच्यासमोर बसलो होतो. ठोका आला, स्वच्छ, जिथल्या तिथे. मी म्हटलं, "अक्का, हे बघा. आहेत इथे." त्या म्हणाल्या, "आहेत. पण आतां तो ठोका आला की मला ती खुर्ची पडलेली दिसते. काय करूं?"  

दुसऱ्या वर्षी पोंगलनंतर त्या गेल्या. ताप आला, अंगावर काढला, छातीत कफ झाला. शेवटच्या दोन दिवसांत सुनीता त्यांच्यापाशी होती. काही सांगायचं आहे का, असं तिने विचारलं तर म्हणाल्या, "दूध उतूं जाईल, बघ." तंजावरहून पुतण्या आला, त्याने सगळं केलं. अंगणात खूप माणसं जमली होती. एवढी माणसं कशी, असं कोणीतरी हळू आवाजात विचारलं, तेव्हा दुसऱ्याने तितक्याच आदराने सांगितलं, "अहो, सिनेमातले ते झोपाळू सेतुराव नाहीत का? त्यांची बायको." विचारणाऱ्याच्या तोंडावर क्षणभर हसू आलं आणि त्याने ते घाईने पुसलं.

मी पुढे होऊन सांगायला हवं होतं की ते झोपलेले नसत. पण ती जागा बोलायची नव्हती, म्हणून इथे लिहितो आहे. सेतुराव झोपलेले नसत. ते मोजत असत.

समोरच्या घरात आता दुसरी माणसं आहेत. परवा रविवारी दुपारी मी खुर्चीत बसलो होतो आणि त्यांच्या खिडकीतून ते गाणं ऐकू आलं. मी डोळे मिटले. कडवं सुरू झालं. मागची मात्रा पुढचीच्या पोटात ठेवत मी मोजत गेलो. मान आपोआप खाली आली असावी.

स्वयंपाकघरातून सुनीताने विचारलं, "अहो, झोपलात का?"

मी बोट वर केलं.