रागीचं पाकीट

पेठच्या डोंगरातली मोहिनी नाशिकला धावपटू व्हायला आली. शेवटच्या फेरीत तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, दम लागायचा. प्रशिक्षक चैतालीताईंनी रोज आसनं, प्राणायाम करून घेतला. अंग मोकळं झालं, श्वास पुरू लागला. "आता रागी खा," ताई म्हणाल्या.

मोहिनीने नाशिकच्या द्वारका चौकातून रागीच्या पिठाचं चकचकीत पाकीट घेतलं आणि सुट्टीत घरी कौतुकाने आईपुढे ठेवलं. आईने चिमूटभर जिभेवर टाकलं अन् हसतच सुटली. "अगं येडे, ही तर आपली नागली!"

काळ्या भाकरीला नाशिकच्या मुली हसतील म्हणून मोहिनीने निघताना हीच नागली घरी ठेवली होती.

यंदा ती जिल्ह्यात पहिली आली. मैदानावर सगळे पूर्वेकडे तोंड करून सूर्यनमस्कार घालतात. शेवटचा मात्र मोहिनी पश्चिमेला वळून घालते. तिकडे पेठला आईचं नागलीचं शेत आहे.