योजना कोणाची, ते आधी सांगा

हडपसरच्या आमच्या विरंगुळा केंद्राची मी सेक्रेटरी. रोज दुपारी निवृत्त मंडळी जमतात, किस्से आपोआप साठत जातात. पण परवाची मीटिंग झाल्यापासून कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैनच नाही!

*

आमच्या बाकाच्या पाठीवर नगरसेवकाचं नाव ठळक रंगवलंय. कुलकर्णीकाका पक्के विरोधी पक्षाचे. ते नावावर टॉवेल टाकूनच टेकतात.

"टॉवेल कशाला, काका?"

"नाव रुततं."

*

मागे मी सुचवलं, महापालिकेकडून मोफत फिजिओथेरपी मागूया. मला काळजी कांबळेसरांची होती. ते काकांचे कॅरममधले पार्टनर, पण अर्धांगवायूनंतर त्यांना खुर्चीतून उठताच येईना. काकांनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. शेवाळेमावशींनी मात्र नाक मुरडलं, "फुकटचं कधी चांगलं असतं का?"

मंजुरी आली आणि दारावर नगरसेवकाच्या फोटोचा फ्लेक्स लागला.

काका म्हणाले, "लोकांना फुकटाची सवय लावताय."

मावशी म्हणाल्या, "आपल्या माणसानं आणलंय होय! मग माझा गुडघा आधी घ्या."

*

एकदा वाऱ्यानं फ्लेक्स फाटला. फोटो गेला, 'मोफत फिजिओथेरपी' एवढंच उरलं. दुसऱ्या दिवशी काका खांदा दाखवायला हजर!

"आता कशी योजना सुटसुटीत दिसते," म्हणाले.

नवा फ्लेक्स लागला आणि काकांचा खांदा बरा झाला.

*

आमच्याकडे मतदान हात वर करून होत नाही. एकदा एका सभासदानं हरकत घेतली, "हात हे पक्षाचं चिन्ह आहे. हा प्रचार झाला." तेव्हापासून ज्यांचा होकार, त्यांनी उभं राहायचं. गुडघेदुखीवाल्यांच्या केंद्रात!

*

तर परवाची मीटिंग. काकांच्या गटानं तक्रार केली होती, त्यामुळे महापालिकेच्या ऑफिसनं कळवलं की निम्म्याहून जास्त सभासदांना हवी असेल तरच फिजिओथेरपी चालू राहील. सर नुकते कुठे आधारानं उठायला लागले होते.

"हवी असेल त्यांनी उभं राहा," मी म्हटलं. मावशी ताडकन उठल्या, त्यांच्यामागून बाकीचे. मोजलं, तर दोघं कमी.

तेवढ्यात कांबळेसर खुर्चीचे हात धरून उठायला लागले. अर्ध्यावर आले आणि थरथरले. शेजारचे कुलकर्णीकाका झटकन उठले आणि त्यांनी सरांना काखेत धरून सरळ उभं केलं.

मी हळूच विचारलं, "काका, तुम्हीही उभे आहात. मोजू का?"

"माझा विरोध आहेच. मी फक्त सरांना धरलंय."

सर म्हणाले, "मग मी बसू का? दमलो."

"मोजून होईपर्यंत गप उभे राहा, सर," काका म्हणाले.