उष्टं मीठ

"हिले कोणं घेतलं इथं? झाकण कसं ठेवा लागते, हे बी माहीत नाई!"

स्टोअररूमच्या दाराशी मी उभी होते आणि आतून हे वाक्य आलं. ते शिपायाला सांगत होते, माझ्याविषयी. शिक्षिकेच्या नोकरीचा माझा तिसरा दिवस होता. मी आत गेले नाही. प्रयोगशाळेत परतले आणि टेबलावर पालथं पडलेलं झाकण उताणं करून ठेवलं. टेबलावरची धूळ झाकणाला लागते आणि झाकणातून बाटलीत जाते, हे खरंच होतं. पण ते त्यांच्या तोंडून कळलं, याचा राग मला जास्त आला.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ते रसायनशास्त्राचे प्रयोगशाळा परिचर होते. मुलं त्यांना काका म्हणायची. मी काहीच म्हणत नसे. तुम्हीही असा माणूस कुठेतरी पाहिला असेल, पदानं सगळ्यांच्या खाली आणि आवाजानं सगळ्यांच्या वर. जऊळक्याहून मोटरसायकलवर सगळ्यांच्या आधी यायचे. मी वाशीमच्या एसटीतून उतरेपर्यंत त्यांनी टेबलं पुसलेली असत आणि दिवसाचा पहिला टोमणा तयार असे.

"या, इंग्लिश मिडियम. नवसागर आणा बरं कपाटातून."

मी कपाटासमोर उभी राहिले. नवसागर कशाला म्हणतात, ते मला माहीत नव्हतं. बारावीची मुलं हसू लागली. काकांनी माझ्या खांद्यावरून हात घालून अमोनियम क्लोराइडची बाटली काढली आणि मुलांना म्हणाले, "मॅडमच्या गावात याचं नाव येगळं हाये." त्या दिवसापासून वर्गात माझा आवाज आणखी खाली गेला.

मिठांवर त्यांचा फार जीव होता. मीठ म्हणजे आपल्या जेवणातलंच नव्हे. रसायनशास्त्रात असे पुष्कळ पांढरे क्षार असतात, बहुतेक गरीब स्वभावाचे. हाताला लागले तर धुऊन टाकायचे, एवढंच. आम्ही आम्लांना घाबरायचो आणि मिठांना मोजायचो नाही. त्यांचं उलट होतं. "आसिडले सगळेच भेतात, म्हणून थे सांभाळलं जाते. गरिबाकडं कोण पाह्यते?" पावसाळा लागायच्या आत ते प्रत्येक बाटलीचं तोंड मेणबत्तीच्या मेणानं बंद करायचे, ओल लागून गोळा होऊ नये म्हणून. बाटली उघडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहायचे. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

एकदा मराठीच्या मॅडम पेरू कापून घेऊन आल्या आणि सोडियम क्लोराइडच्या बाटलीकडे हात नेला. काकांनी बाटली उचलून छातीशी धरली.

"घरचं मीठ सरलं का, मॅडम?"

"अहो काका, मीठच तर आहे ते!"

"हो ना." त्यांनी शेजारच्या विषारी क्षाराच्या बाटलीकडे बोट दाखवलं. "मंग त्या बाटलीतलं बी मीठच हाये, पांढरंच हाये. घ्या, लावा पेरूले."

मराठीच्या मॅडम पुन्हा कधी प्रयोगशाळेत आल्या नाहीत. मला मनातून हसू आलं, पण काकांसमोर हसायचं नाही असं मी ठरवलं होतं.

शिरपूरहून येणाऱ्या एका मुलीच्या डोळ्यात कण उडाला, तेव्हा मी नुसती उभी राहिले. ते तिला मानेला धरून नळाखाली घेऊन गेले. "डोया चोयू नको, पोरी. मीठ हाये, आसिड नाई. रड, रडलं तं बरंच हाये, पानीच येते." भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्यांनी पूर्ण पंधरा मिनिटं पाणी सोडलं. त्यांची बाही कोपरापर्यंत भिजली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी कायले उभ्या हा? फोटो काढून राह्यल्या का?"

त्यांचा एक नियम मला विशेष खटकायचा. बाटलीतून काढलेलं मीठ परत बाटलीत जायचं नाही. उरलेल्या मिठाला ते उष्टं म्हणायचे. चमच्यावर राहिलं तरी उष्टं, नुसत्या कागदावर काढून ठेवलं तरी उष्टं. ते सगळं एका वेगळ्या बरणीत टाकायचे. मला वाटायचं, घरचं सोवळंओवळं यांनी प्रयोगशाळेत आणलंय. काढलेलं रसायन परत बाटलीत टाकू नये, हेच वाक्य मी शाळेत इंग्रजीतून पाठ केलं होतं, त्यावर गुणही मिळवले होते. पण त्यांच्या तोंडी ते मला अडाणीपणाचं वाटलं.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी ते लग्नाला गेले होते. सराव संपल्यावर टेबलांवर काचेच्या बशांत पुष्कळ मीठ उरलं होतं, पांढरं शुभ्र. टाकून द्यायचं जिवावर आलं. शिवाय, खरं सांगते, त्यांचा नियम मोडायची संधी होती. बशांवरच्या चिठ्ठ्या वाचून मी एकेक बशी त्या त्या बाटलीत रिकामी केली. मुलांनी चमचे न पुसता एका बशीतून दुसऱ्या बशीत घातले होते, हे मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीन मुलांना ओळखायला मॅग्नेशियम सल्फेट आलं. त्याला वास नसतो. कॉस्टिक सोडा घालून नळी गरम केली तरीही यायला नको. तीनही नळ्यांतून अमोनियाचा उग्र वास आला. बाहेरच्या परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. मुलांना दुसरं मीठ दिलं गेलं, त्यांचं नुकसान झालं नाही. विभागप्रमुख सर मात्र लालबुंद झाले.

"बाटल्या कोण भरतं?"

काकांनी चिमूटभर मीठ घेऊन स्वतः नळी गरम केली. वास घेतला. "बाटलीत उष्टं गेलं. नवसागर हाये यात."

"म्हणजे तुमच्याच हातून ना? वय झालं तुमचं, कबूल करा."

"माह्या हातानं नाई गेलं. मी काल नव्हतो. या बाईले इचारा."

सर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही ओतलंत?"

"नाही, सर," मी म्हणाले.

मी हळू बोलते. हळू बोलणाऱ्या मुलीवर लोक लगेच विश्वास ठेवतात. ते मात्र मोठ्यानं ओरडले, "खोटं बोलून राह्यली हे!" आणि तिथेच हरले. त्याच संध्याकाळी स्टोअरच्या किल्ल्या त्यांच्याकडून काढून मला देण्यात आल्या. निवृत्तीला त्यांचे थोडेच महिने उरले होते. ते त्यांनी ग्रंथालयात पुस्तकांवरची धूळ झटकत काढले. वाटेत भेटले की माझ्याकडे न बघता बाजूला थुंकायचे. ते मला आवडले नाहीत, तेव्हाही आणि आजही. पण कपाट उघडलं की प्रत्येक चिठ्ठीवर त्यांचं ते सुंदर अक्षर असायचं, आणि मी बाटल्या उचलायच्या ऐवजी नुसती बघत बसायचे.

निरोप समारंभाला ते आलेच नाहीत. सजवलेल्या खुर्चीवर शाल आणि नारळ तसेच पडून होते. मराठीच्या मॅडमनी पेरूची गोष्ट सांगितली, सगळे हसले. मग विभागप्रमुख उठले. "एवढ्या वर्षांच्या सेवेत माणसाकडून एकच चूक झाली, तीही वयामुळे. आपण ती मोठ्या मनानं विसरू या."

टाळ्या पडल्या. मी उभी राहिले. टाळ्या थांबेपर्यंत थांबावं लागलं, कारण माझा आवाज त्यांच्यावरून गेला नसता.

"सर, ती चूक त्यांची नव्हती. मीठ मी परत ओतलं होतं. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी खोटं बोलले."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "काय? जरा जोरात बोला."

मी जोरात बोलले.