देवनागरीतलं फोल्डर

मंडळी, आज आमच्या घरी देवनागरीचा घोर अपमान झाला.

सकाळी सीडी घालून कॉम्प्युटरवर प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं. त्यासाठी 'शब्दरूपे' नावाचं फोल्डर केलं, अर्थात देवनागरीत. तीनदा बसवून पाहिलं, तिन्ही वेळा एकच उत्तर: फोल्डर सापडत नाही. समोर ढळढळीत दिसत असताना.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या संजयला, माझ्या जुन्या विद्यार्थ्याला, फोन केला.

"सर, नाव इंग्रजी अक्षरांत लिवा की. त्याला देवनागरी येत न्हाय."

"मग त्याने शिकावी."

"मला संस्कृतात नापास करतानाबी हेच म्हणला हुता. थांबा, मी येऊन करतो."

"येऊ नकोस. माझं मी करीन."

शेवटी भारनियमनाच्या दहा मिनिटं आधी रोमन अक्षरांत नाव दिलं आणि ते बसलं. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटला मात्र 'शब्दरूपे' हे नाव देवनागरीतच दिलंय. आता शब्द दिला की रूपं दाखवणारा प्रोग्राम मी लिहिणार आणि संस्कृतची सगळी रूपं मीच त्यात भरणार. या वयात कशाला, असं ज्यांना विचारायचंय त्यांनी खुशाल विचारावं.

उत्तर इथेच देतो. गेल्या आठवड्यात वर्गात 'पितृ' चालवताना मध्येच अडकलो. पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच पुढचं रूप सांगितलं. वीस वर्षं शिकवलेला शब्द. तेव्हापासून मला विसरण्याची भीती वाटते.