मास्तर ‘हो’ म्हणाले

गुलाब तायडे गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यातल्या माझ्या दुकानात तबल्याच्या चामडी वाद्या ओढत होतो. ‘मास्तर गेले, मुश्ताकभाई,’ त्यांचा शेजारी म्हणाला. मी विचारलं, ‘खरंच काय?’ असं विचारू नये. पण मास्तर याआधी तीनदा ‘गेले’ होते, आणि एकदा तर हार घेऊन आलेल्यांना त्यांनी स्वतः दार उघडून चहा पाजला होता.

वऱ्हाडी एकपात्री प्रयोगांमुळे अकोला-अमरावतीत त्यांना ओळखत नाही असं गाव नव्हतं. वीस वर्षं मी त्यांच्या मागे बसून तबला वाजवला. माणूस विक्षिप्त होताच. अकोल्याच्या मे महिन्यात गळ्याला मफलर. एसटीत बाजाच्या पेटीचं वेगळं तिकीट काढून तिला खिडकीशी बसवायचे. प्रयोगाआधी पडद्याशी बोलायचे. अशा माणसाबद्दल काहीही सांगा, लोकांना पटायचं... आणि सांगणारा बरेचदा मीच असायचो. मास्तर घरात गाढव पाळतात आणि त्याला रोज पेपर वाचून दाखवतात, असं मी एका टपरीवर गमतीनं सोडलं, तर पंधरा दिवसांत हिवरखेडची माणसं गाढव पाहायला दारात हजर! मास्तर खूश. त्यांच्या बायको, शकूवहिनी, मात्र हसल्या नाहीत. ‘भाऊ, उद्या कोनी वंगाळ सांगतलं त तेबी लोकं खरंच मानतीन,’ म्हणाल्या.

त्याच वहिनी पुढे अकोल्याच्या एका दवाखान्यात होत्या. धोका टळला असं डॉक्टर म्हणाले, वहिनींनीही आग्रह केला, म्हणून मास्तर तिवस्याच्या दुपारच्या प्रयोगाला आले. प्रयोगात त्यांचा मोबाइल माझ्याकडे असे. मध्यंतरात मास्तर चाहत्यांच्या गराड्यात असताना तो वाजला. वहिनींचे भाऊ होते. ‘ताई गेली. दाजीले सांगा.’ मी ‘हो’ म्हणालो... आणि सांगितलं नाही. सभागृह खच्चून भरलेलं. वाटलं, पाऊण तासच उरलाय, आता घाई केली म्हणून वहिनी थोड्याच परत येणार आहेत? तबल्यावर जाऊन बसलो. दुसऱ्या भागात मास्तर बायकोचा किस्सा सांगत. त्या दिवशी तो इतका रंगला की लोकांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मी मागे ठेका देत राहिलो.

परतताना गाडीत सांगितलं. नांदगाव पेठ मागे पडलं. मग मास्तर म्हणाले, ‘फोन कवा आलता?’

‘मध्यंतरात.’

‘मंग काहून नाही सांगतलं बे मले?’



घरी त्यांची मुलगी प्रज्ञा दारातच उभी होती. मध्यंतरातच कळवलं, हे मामानं तिला सांगितलं होतं. ‘बाबा, तुमाले माहीत होतं? अन् तरी तुमी लोकायले हसवत राहिले?’ मी तोंड उघडणार, तोच मास्तरांनी माझं मनगट घट्ट दाबलं. ‘हो,’ म्हणाले.

नंतर मागच्या अंगणात मी रडायला लागलो. ते म्हणाले, ‘चूप राह्य. तुह्यं नाव आलं त ही दारातली गर्दी तुले सोडीन काय? माह्याबद्दल लोकं कायबी खरं मानतात. हे बी मानतीन.’

मानलं. त्या दुपारच्या किश्श्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला. बायको मेल्याचं कळल्यावर हा माणूस खुशीत नाचला, इथपर्यंत गोष्ट गेली. आणि प्रयोगांना गर्दी वाढली... तो माणूस पाहायला. मास्तरांनी किस्सा सोडून दिला होता, तरी मागून आरोळ्या यायच्या, ‘मास्तर, बायकोचा होऊन जाऊ द्या!’ एकदा अकोल्यातच ती आरोळी आली तेव्हा ते माइक सोडून खाली उतरले. पुन्हा कधी रंगमंचावर उभे राहिले नाहीत. प्रज्ञानं अमरावतीतल्या एका शाळेत नोकरी धरली, ती बापाचं तोंड पाहायला आली नाही. दर शुक्रवारी नमाजनंतर मी मास्तरांकडे जायचो. ते एवढंच विचारायचे, ‘पोरीचा फोन आलता काय तुले?’ तिला खरं सांगतो, असं मी प्रत्येक वेळी मनाशी ठरवायचो. अमरावती काही लांब नाही. मी भित्रा होतो, बस.

मास्तरांच्या अंत्यविधीला प्रज्ञा आली, लांब उभी राहिली, गेली. तीन आठवड्यांनी मी तिच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. ती शाळेतून नुकतीच आली होती, खांद्यावरची पर्सही काढली नव्हती. तशीच उभ्यानं ऐकत राहिली. ओरडेल, हाकलून देईल असं वाटलं होतं.

‘काका, तुमी खोटे नाही बोलले,’ ती म्हणाली. ‘कोनीच खोटं नाही बोललं. मी इचारलं, ते हो म्हनले. अन् मले पटलं. मी त्याहिची पोरगी हावो, तरी एका शब्दात पटलं मले.’

मी माफी मागितली. ती खुर्चीवर बसली.

‘त्याहिचा राग करून जगत होती मी, काका. बरं चाललं होतं. आता तोबी नेला तुमी.’