भट्टी ऐकते, डॉलर ऐकत नाही

आमच्या ह्यांचा हात लागला की भट्टी ऐकते, अशी डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात ह्यांची ख्याती. भट्टी तापली की आच कमी करायची, निवली की वाढवायची. फरक जितका मोठा तितका जोर जास्त. एवढ्या विद्येवर माणसाने गप्प पगार घ्यावा की नाही? पण पंधरा साली ह्यांच्या डोक्यात शिरलं, की डॉलरचा भावसुद्धा असाच कह्यात ठेवता येतो.

चढला की विकायचा, उतरला की घ्यायचा. जवळ नसलेला डॉलर माणूस विकतो कसा, ते मला आजही कळलेलं नाही आणि कळून घ्यायचंही नाही. ह्यांची पाळी दुपारची. सकाळी मोबाइल घेऊन चिकूखाली बसत, कारण चिखले गावातल्या आमच्या घरात रेंज येत नाही. आधी बरेच दिवस खोट्या पैशांवर सराव केला. भाव वरखाली होऊन जागेवर यायचा आणि हे मिशीवर हात फिरवायचे, जसं काही सरकार ह्यांना विचारूनच भाव ठरवतं.

मी तेव्हा चिकूच्या फोडी गच्चीवर वाळवून विकायची. माश्या, दव, कावळे, सगळ्यांचा वाटा काढून उरेल ते माझं. मला वाळवणीचं यंत्र हवं होतं आणि त्यासाठी भिशीचे पैसे बाजूला ठेवले होते. हे म्हणाले, यंत्र घेऊच, त्याआधी पैसे जरा फिरवून आणतो. नवरा इतक्या खात्रीने बोलला की बाईची अक्कल गहाण पडते. दिले.

अठरा साली डॉलर चढायला लागला आणि उतरायचं नाव घेईना. ह्यांनी विकला. आणखी चढला, ह्यांनी आणखी विकला. भट्टीत असंच करतात म्हणे, ऐकत नसेल तर जोर वाढवायचा. इकडे दलालाचे फोनवर फोन, तोटा वाढतोय, अजून पैसे भरा. ह्यांचं जेवणातलं लक्ष उडालं, तेव्हा मी चिकूखाली जाऊन विचारलं,

"अहो, भट्टीला तुमचं बटण जोडलेलं असतं. ह्या डॉलरला तुमचं काय जोडलंय?"

"चार दिवस दे. येईल खाली."

नाही दिले. त्याच दिवशी ह्यांना दलालाकडे नेऊन सगळे सौदे बंद करायला लावले. उरलं त्यात यंत्राची जाळी आली असती फार तर. रडले मी, खोटं कशाला सांगू. मग ह्यांच्याशी बोलणं टाकलं.

दिवाळी झाली आणि भाव खरोखरच उतरला. मी गच्चीवर फोडी पसरत होते. हे वर आले, उगाच कावळे हाकलत राहिले. मग म्हणाले, "उतरला."

"तुमच्यामुळे?"

"नाही."

लग्नापासून हा शब्द त्या तोंडून ऐकला नव्हता. मला तो यंत्राच्या किमतीला पडला.