हळदीला जळू लागत नाही
सुनेचा पाय सुजला म्हणून आज हळकुंड उगाळायला बसले आणि त्या वासानं जुनी चीड वर आली. मी या घरात सून होते तेव्हा धाकट्या बहिणीच्या लग्नाला मला न्यायला भाऊ दासगावहून पोलादपूरला गाडी घेऊन आला होता आणि माझा पाय काटा जाऊन सुजलेला. सासूबाई म्हणाल्या, "असल्या पायानं धाडली तर विहीणबाई म्हणतील, पोरीला राबवून मारली. आधी सूज उतरू दे." म्हणून रक्त ओढायला जळवा लावणारी म्हातारी आणली. तिनं मडक्यातली जळू पायावर सोडली, ती तोंड न लावता घसरली. दुसरीही तशीच. म्हातारीनं पाय हुंगला. "हळद फासलीस गो? आता काय चिकटत नाय ही!" लेप सासूबाईंनीच सकाळी घातला होता. "माझ्या हळदीनं कुणाचं वाईट झालं नाय," त्या फणकारल्या. "माणसाचं नाय हो, जळूचं होतं," म्हातारी म्हणाली. मी पाय घासघासून धुतला, तरी जळू धरेना. उन्हं कलली तसा भाऊ रिकामी गाडी घेऊन गेला. बहिणीला हळद लागली, तेव्हा मी इथे पाय धूत होते. भांडायचीही सोय नव्हती, लेप मायेनं घातलेला. म्हणून आज लेपाची वाटी उचलण्याआधी सुनेला विचारलं, "तुझा भाऊ न्यायला कधी येणार गो?"